अडीच किलोचा नियम

मी वजनकाटा बोलतोय. दुकानात बसून लाल आकडे चमकवणारा नव्हे. वर कडी, खाली हूक, मध्ये गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी एक सुई, असा जुन्या घाटणीचा. कारखान्यात एका चष्मेवाल्या बाईंनी माझ्या हुकाला दहा वजनं लावून पाहिली, दहाही वेळा सुई अचूक थांबली, आणि त्या म्हणाल्या, "हा पास." त्या एका शब्दावर मी वर्षानुवर्षं ताठ मानेने जगलो.

माझा मालक वायरमन. गावाच्या टोकाला तीन खोल्यांचं घर, मागे थोडी मोकळी जागा. कुठूनशी एक पुस्तिका त्याच्या हाती लागली आणि घरच्या मांसासाठी ससे पाळायचं त्याच्या डोक्यात बसलं. त्याने जाळीची खुराडी ठोकली, सहा ससे आणले आणि पत्र्यावर रंगाने नियम लिहिले. सशांना नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर. दर रविवारी वजन. अडीच किलो भरला की कापायचा. नंबर सातपासून सुरू झाले, कारण एकापासून सुरू केले तर लोकांना आपण नवशिके वाटू, असं त्याचं म्हणणं.

घरात आणखी दोघी होत्या. शिवणकाम करणारी त्याची बायको आणि त्याची थोरली बहीण, जिला दोघंही ताई म्हणत. दोघींनी नियमांना मान डोलावली. वायरमनने सुरी आणली आणि तो दर शनिवारी तिला धार लावू लागला.

पहिले काही रविवार मजेत गेले. ससा पिशवीत, पिशवी माझ्या हुकाला. सात नंबर सगळ्यांत दांडगा. एका रविवारी त्याचं वजन दोन किलो तीनशे भरलं. वायरमन "वा!" म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला.

सोमवारी बायको कात्री घेऊन आली आणि तिने माझ्या पाठीचा स्क्रू हळूच फिरवला. बुधवारी खुद्द वायरमन आला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या स्प्रिंगमध्ये रबराचा तुकडा कोंबला. रविवारी ताई म्हणाली, "पिशवी फार झुलतेय गं," आणि तिने खालून हात लावला. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. सात नंबर एका आठवड्यात सव्वा किलोवर आला.

"आजारी दिसतोय," बायको म्हणाली.

"खुराक वाढवा," ताई म्हणाली.

खुराक वाढला. सगळ्याच सशांचा वाढला. सात नंबर उशीएवढा झाला, मग खुराड्याच्या दारातून निघेना, म्हणून दार मोठं केलं. तरी माझ्यावर तो दर रविवारी दोन-सव्वादोन किलोच. "अजून थोडा कमी पडतोय," असं वायरमन गंभीरपणे म्हणायचा आणि सुरी परत फडक्यात गुंडाळायचा. मी आतल्या आत जळत होतो. खोटं मी बोलत होतो, पण वदवून घेणारे वेगळेच होते.

तरी गप्प राहिलो असतो. पण एक दिवस वायरमनने किराणावाल्याकडची किलोभर साखर मला लावली आणि मी साडेपाचशे दाखवले. आपण केलेलं तो साफ विसरला होता. तडक दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "वजनात मारता तुम्ही!"

किराणावाला सरळ माणूस. त्याची झोप उडाली, गिऱ्हाइकं तुटू लागली. रविवारी सकाळी तो आपली शिक्क्याची लोखंडी वजनं घेऊन अंगणात हजर झाला. "कुठंय तुमचा काटा?"

त्याने किलोचं वजन मला लावलं. साडेपाचशे. वायरमन आपल्या चपलेकडे बघत होता, बायको आभाळाकडे, ताई किराणावाल्याकडे हात जोडून. तिघांनाही कळलं होतं की मी सुधारलो तर सात नंबर गेला. मलाही कळलं होतं. पण त्या भल्या माणसाचं नाव माझ्यामुळे खराब झालं होतं.

किराणावाल्याने रबर काढलं, स्क्रू जागेवर आणला, त्यावर लाखेचा ठिपका दिला. मग म्हणाला, "लावा तुमचा ससा." सात नंबर लागला आणि मी खरं बोललो. चार किलो नऊशे.

वायरमन आत जाऊन सुरी घेऊन आला. तिचं पातं एवढ्या धारेने झिजून चमच्याच्या दांड्याएवढं उरलं होतं.

"नियम काय आहे?" ताईने विचारलं.

"अडीच किलो."

"मग? हा अडीच कुठाय?"

"पाच किलोसाठी नियमच नाही हो," बायको घाईने म्हणाली.

वायरमनने पत्रा दोनदा वाचला. "खरंच नाही," तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

"अहो, मग तुम्ही खाता काय?" किराणावाल्याने विचारलं.

"बटाटे. तुमच्याकडूनच तर नेतो."

त्याच दिवशी बाकीच्यांचंही वजन झालं. चार ससे तीन-साडेतीनच्या पुढे, म्हणजे नियमाबाहेर. उरला किडकिडा बारा नंबर. दोन किलो दोनशे. आता माझ्या स्क्रूला लाख लागलेली, फेरफार शक्य नाही. म्हणून त्या तिघांनी सरळ मार्ग धरला. पुढच्या रविवारच्या आत बाराला अडीचच्या पार न्यायचं. रोज ओट्स, गाजरं, कोबी. ताई तर शेजारी बसून त्याला "घे रे बाळा, एक घास" म्हणत होती. त्यानेही पोट फुटेस्तोवर खाल्लं.

आज रविवार. आत्ताच बारा नंबर माझ्या हुकाला लागला. कुणी पिशवीला हात लावला नाही. तिघं माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. वजन भरलं बरोबर अडीच किलो. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही. मला ते हाडाहाडांत जाणवलं.

मी स्प्रिंग जराशी सैल सोडली. सुई एक घर पुढे जाऊन थांबली.

"गेला रे पुढे!" वायरमन ओरडला आणि सुरी टाकून त्याने बहिणीला मिठी मारली.

हे खोटं मात्र माझं स्वतःचं. तुम्हाला सांगितलं, पण त्या किराणावाल्याला तेवढं कळू देऊ नका.