लाल खुणेची मापकाठी

मित्रांनो, कागदावर एक शिक्का मारला की शेतकरी कानरोकूचा धाकटा मुलगा घरीच राहणार होता. भाताच्या खाचरात दोन हात वाढणार होते आणि सैन्याची भीती कायमची टळणार होती. मूलबाळ नसलेल्या विधवा ओत्सुनेला आयता वारस मिळणार होता. तोटा कुणाचाच दिसत नव्हता.

मी एक जुनी मापकाठी आहे. जपानमधल्या मिनोसे गावच्या बुद्धमंदिरात उभी असते. योहेई सुताराने मला देवदारातून घडवलं आणि वरच्या बाजूला लाल खूण केली. डोकं त्या खुणेला लागलं की मुलगा सैनिक झाला. पूर्वी लढणं हे तलवार बाळगणाऱ्या घराण्यांचं काम होतं. नव्या सरकारने ते शेतकऱ्यांच्या पोरांवर टाकलं. सैन्यात नेऊन अंगातलं रक्त काढून घेतात, अशी अफवा होती. तपासणीला पोरं मला टेकून उभी राहत, तेव्हा त्यांच्या पाठीची थरथर माझ्यात उतरे. मीही घाबरे. हा तरी ठेंगणा निघू दे, असं मनात म्हणे. पण खूण वर सरकावी म्हणून लाकडाला वाढता येत नाही.

कायद्यात एक फट होती. घराच्या वारसाला सैन्यातून सूट होती. म्हणून धाकटी मुलं निपुत्रिकांकडे दत्तक जात.

"नुसतं कागदावर हं, ओत्सुनेकाकू," मंदिराच्या पायरीवर कानरोकू म्हणाला. "पोरगा जेवणार माझ्याकडेच."

"जेवू दे की. तुझ्या बायकोच्या खारट साराला कंटाळला, की येईल धावत!"

त्याचा धाकटा, इसाकिची, हसला. "मग बाबा, मी आता कुणाचा?"

"गप रे. माझाच."

काही वर्षांनी सरकारने ती फट बुजवली. वारस असो वा नसो, सगळ्यांनी माझ्यापुढे यायचं. इसाकिची आला. त्याने हळूच गुडघे वाकवले, ते मला कळलं. मी मनात म्हटलं, आणखी थोडे.

"गुडघे सरळ!" डॉक्टर ओरडला. डोकं खुणेच्या वर गेलं.

तोवर गावही बदललं होतं. ज्या शिपाईगिरीला लोक नाकं मुरडत, तिच्यासाठी आता दारोदारी झेंडे लागू लागले. भीती तीच होती, फक्त ती बोलून दाखवायची सोय उरली नव्हती.

समुद्रापलीकडे लढाई झाली. इसाकिचीच्या जागी पांढऱ्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी आली. सारं गाव मंदिरात जमलं. कानरोकू हात पसरून पुढे झाला.

"थांबा," अधिकारी म्हणाला. "नोंदीत आई ओत्सुने आहे. तुम्ही कोण?"

खरं सांगावं, तर सैन्य चुकवायला केलेली लबाडी साऱ्या गावादेखत उघडी पडणार. कानरोकूने पसरलेले हात मागे घेतले.

"शेजारी," तो म्हणाला.

ओत्सुनेने पेटी घेतली. "अरे, तू धर ना," ती कुजबुजली.

"नको काकू. लोक बघतायत."

मित्रांनो, आता मला वाळवी लागली आहे. मला फेकू नका, पुसून ठेवा. आणि अशा काठीला कुणाचं पोर उभं कराल, तेव्हा नुसती उंची पाहू नका, त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहा.

सरकारला शिपाई मिळाला. गावाला मान मिळाला. ओत्सुनेला मुलगा मिळाला तो पेटीत. कानरोकूने मुलगा दिला, आणि त्याचा बाप म्हणून रडायचा हक्कही. बाकी सगळी किंमत इसाकिचीने भरली.