आदमबावाची चाळीस वर्षं

“चुकीच्या दारात बसलंस तू,” युसूफ रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीला समजावत होता. “माझा घर मसुऱ्याक, खाडीच्या काठार. ह्या कसाल. हय माझा चेडू सकिना ऱ्हवता.”

“नाना, कोणाशी बोलतास?” नात अलीजा औषधांची पिशवी घेऊन बाहेर आली.

“पावणो आसा. आठ दिस झाले, पाण्याचो घोट घेवक नाय.”

अलीजाने खुर्ची उचलून आत नेली. माणसासकट उचलून नेल्यासारखा युसूफ तिच्याकडे बघत राहिला.

नव्वद वर्षांच्या युसूफने जन्मभर होड्या बांधल्या, आणि होड्यांपेक्षा गोष्टी जास्त. नूहनबी साडेनऊशे वर्षं जगले खरे, पण तारवाच्या फटींत कापूस कसा ठोकायचा ते त्यांना आपल्याच खापरपणजाने दाखवलं, असं तो शपथेवर सांगे. लाडकी गोष्ट मात्र आदमबावाची. बावाला आयुष्य हजार वर्षांचं. पुढे जन्मणाऱ्या दावूदच्या वाट्याला साठच बघून तो कळवळला आणि म्हणाला, माझी चाळीस ह्याला दे. नऊशे साठ भरली, प्राण न्यायला फरिश्ता दारात आला, तर बावाने कानांवर हात ठेवले. दिली? मी? कधी? पोरं खिदळत, आणि युसूफ सगळ्यांच्या आधी.

पन्नाशीनंतर त्याने ही गोष्ट सांगणं सोडलं.

तिशीत असताना त्याची दोन वर्षांची सकिना तापाने निपचित पडली होती. त्याने वर बघून म्हटलं, माझी चाळीस हिला दे. सकाळी पोरीने पेज मागितली. पुढे वीस वर्षांनी नवी होडी पारखायला तो एकटाच समुद्रात गेला आणि होडी उलटली. उलट्या होडीच्या पाठीवर पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ बसला होता. त्याचे पाय कोरडे होते.

“चल,” तो म्हणाला.

“माझी चाळीस अजून आसत,” युसूफ खारं पाणी थुंकत ओरडला.

गृहस्थ भांडला नाही. उठला आणि पाण्यावरून चालत गेला.

त्या घटनेला आता चाळीस वर्षं झाली होती. बासष्ट वर्षांच्या सकिनाची मूत्रपिंडं गेली होती, आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं.

दुपारच्या नमाजानंतर युसूफ तिच्या खाटेवर टेकला. “सकिना, मी तुजो चोर आसंय,” म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. या वेळी त्याने पदरचं काही घातलं नाही. “उरली आसतीत ती परत घी. माका नको.”

सकिनाने डोळे उघडले. “होडी उलाटली त्या दिसा तुमीच एकटे मागत होतास? मी किनाऱ्यार उभी होतंय. मी म्हटलंय, माझी वर्सां घी, पण अब्बाक भायर काढ.”

“किती दिलंस?”

“मोजूक येळ खंय होतो? होडी उलटी दिसत होती.”

युसूफ तिच्या कानाशी वाकला. “आयक. तो इचारीत, तेवां सांग, मी दिलंयच नाय. आदमबावानपण तसाच सांगल्यान.”

“बावान सांगल्यान,” सकिनाच्या ओठांवर हसू आलं. “मी सांगूचंय नाय.”

मग त्याच्या खांद्यामागे बघत म्हणाली, “अब्बा, जरा सरका. तेका बसाक जागा करा.”

युसूफ मागे न बघता सरकला. खाट थोडी करकरली.

दिवस कलताना, असरच्या अजानला सकिना गेली.

युसूफ अजून आहे. पाऊसपाण्यात कधी छत्री न उघडलेला माणूस आता चार थेंब पडले तरी आडोसा धरतो. पेज वेळेवर घेतो, गोळ्या मागून घेतो. कसालच्या रस्त्यावर अलीजाने घाई केली की म्हणतो, “सावकास गो.” दोन्हीकडे बघतो, पुन्हा बघतो, आणि दोन्ही हात छातीशी धरून पाऊल टाकतो, कोणाचं तरी काठोकाठ भरलेलं भांडं न हिंदकळता नेत असल्यासारखा.