झाकून ठेवलेला ग्लास

“गीळ, आई.”

लेकीने ग्लास आईच्या ओठांना लावला आणि दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली. आईने एक घोट घेतला, गाल फुगवून तो तसाच तोंडात धरला आणि नजर खिडकीतल्या कुंडीवर लावली. सात वीस झाले होते. साडेसातला घर सोडायचं, आणि ही बाई एका घोटाला दहा मिनिटं लावणार!

“गिळलंस का?”

आईने मान हलवली. होकार की नकार, देव जाणे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर ताकद यावी म्हणून प्रथिनांची पावडर सुरू केली होती, दिवसाला दोन ग्लास. लेक शाळेची वेळापत्रकं करणारी. तिने फ्रिजवर तक्ताच लावला. ग्लासापुढे बरोबरची खूण आणि खाली आईच्या दिवसाची एक ओळ. ‘मला ओळखलं नाही.’ ‘चपला फ्रिजमध्ये.’ ‘दुपारभर झोप, उठवलं तर शिव्या.’ जन्मभर दूध नको, अंडं नको, मटणाने डोकं दुखतं, असले नखरे झाले. आता म्हातारपणी हे.

सगळ्यात जास्त झोंबला तो मधला आठवडा. लेक पेपर तपासायला परगावी गेली होती. शेजारणीने दोन वेळा ग्लास झाकून ठेवायचा आणि तक्त्यावर लिहायचं, एवढंच ठरलं होतं. परत आल्यावर शेजारीण दारातच म्हणाली, “किती छान गप्पा मारतात गं तुझ्या आई! माझ्या नातवाचा स्वेटर उसवून पुन्हा विणून दिला त्यांनी.”

लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे मी असले की वेड, आणि मी पाठ फिरवली की शहाणपण! तीनच दिवसांत आई तिला पुन्हा ‘कोण तुम्ही?’ विचारू लागली. त्याच संध्याकाळी लेकीने वृद्धाश्रमाचा अर्ज भरला. सोमवारी खोली मिळणार होती. स्मृतिभ्रंशाच्या दाखल्यावर डॉक्टरांची सही तेवढी बाकी होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेन उघडलं, पण सही करण्याऐवजी पुराव्यादाखल आणलेला तक्ता वाचत बसल्या. शेजारी खुर्चीत आई पेंगत होती.

“या मधल्या आठवड्यात काय वेगळं होतं?”

“मी नव्हते,” लेक म्हणाली. “दुसरं काय? मला छळायचं असतं तिला.”

“आणि ग्लास कोण पाजत होतं?”

“झाकून ठेवलेले असायचे. तिची तीच घ्यायची. हे बघा ना, खुणा आहेत.”

डॉक्टरांनी पेन मिटलं. “आधी रक्त तपासू. सही नंतर.”

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. अर्ध्या दिवसाची रजा गेली ती गेलीच.

चौथ्या दिवशी आई वॉर्डातल्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, डोळे लख्ख. डॉक्टर सांगत होत्या. प्रथिनांमधली अमिनो आम्लं शरीरात मोडली की अमोनिया तयार होतो. यकृत त्याची विल्हेवाट लावतं. आजींच्या यकृताचं ते काम जन्मापासून अर्धवट चालतं. बेताचं खात होत्या तोवर निभावलं. पावडर सुरू झाली आणि तो अमोनिया मेंदूपर्यंत गेला.

“पण त्या आठवड्यात...” लेक म्हणाली.

“कुंडीत,” आई म्हणाली. “ओतायचे मी. झाड मेलं बिचारं.”

हनुवटी धरलेली बोटं लेकीने पदराआड घेतली.

“हा दोष मुलीतही उतरू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचंही रक्त घेऊ या. दूध, अंडी कशी सोसतात तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय? मी सगळं खाते. असले नखरे मी कधीच...”

“खोटं,” आई म्हणाली. “उकडलेलं अंडं फ्रॉकच्या खिशात लपवायची ही. रोज.”

लेकीने चमकून पाहिलं. चाळीस वर्षं ती धरून चालली होती, की हे कुणालाच कळलेलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“फ्रॉक कोण धुवायचं?”

“मग कधी ओरडली का नाहीस?”

एवढी शिकलेली मुलगी, आणि हेही समजावून सांगावं लागतंय, असा वैताग आईच्या चेहऱ्यावर होता.

“तुला नको होतं, म्हणून तर लपवत होतीस ना? मग पुन्हा तोंडात कशाला कोंबू?”

लेकीने बाही वर केली आणि हात डॉक्टरांपुढे धरला.