चुली दोन, पंगत एक

ते साल २०१६. कळंब्याच्या माळावर तेव्हा एकही वीट रचलेली नव्हती, मी मात्र टेबलावर पूर्ण उभी होते. मित्रांनो, मी एका निवासी प्रशिक्षण केंद्राची पुठ्ठ्याची प्रतिकृती. लोक मला मॉडेल म्हणतात.

मला घडवलं जयसिंगपूरच्या आर्किटेक्ट अरुणाताईंनी. भिंतींना पुठ्ठा, खांबांना बांबूच्या काड्या आणि झाडांना भांडी घासायचा हिरवा स्पंज. माझी छपरं डब्याच्या झाकणासारखी उचलता येतात. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला राहायच्या खोल्या आणि मधे लांबलचक जेवणाचा हॉल. हॉलच्या पश्चिम टोकाला मटणाचं स्वयंपाकघर, पूर्व टोकाला जैन स्वयंपाकघर.

केंद्र बांधणारे मालक दोघे, बाळासो आणि शांतिनाथ. लोखंड ओतायची फाउंड्री दोघांनी मिळून उभारली, पण जेवायला दोघे कधी एकत्र बसले नव्हते. शांतिनाथ दिवस मावळायच्या आत जेवत. बाळासोंना रात्री तांबडा रस्सा लागे. भांडण नव्हतं, एकमेकांना अवघडायला नको एवढंच.

म्हणून बाळासो म्हणाले, "ताई, मधे भिंत घाला. दोन हॉल करा. शांतिनाथच्या ताटाला माझ्या रश्श्याचा वास नको बघा."

"साहेब, चुली दोन ठेवू. हॉल एकच राहील," ताई म्हणाल्या. "ऑफिसातली आणि भट्टीवरची माणसं इथं एकत्र राहून शिकणार. वर्गात शेजारी बसायचं आणि जेवायला भिंतीपलीकडे जायचं? मग निवासी केंद्र कशाला? घरनं डबा आणू देत की!"

"बाई लई हट्टी हाय!" बाळासो हसले. ते नुकतीच ऑफिसातल्या देवाची पूजा उरकून आले होते. हातातली उदबत्ती त्यांनी गमतीनं माझ्या मटणाच्या स्वयंपाकघरात खोचली. "घ्या, फोडणी बसली!"

ताईंनी मला टेबलावर जागेच्याच दिशा धरून ठेवलं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून वारा आला आणि धूर टेबलांवरून सरळ जैन स्वयंपाकघरात शिरला.

कळंब्याला वारा पश्चिमेचाच, हे ताईंना ठाऊक होतं. पण वर्ग गार राहावेत म्हणून तो जपताना चुलीच्या वासाचा विचार राहून गेला होता.

"शेजारच्या ताटातला वास मी सोसेन, ताई," शांतिनाथ हळू म्हणाले. "स्वयंपाकघरात नको. सोमवारी पाया आखायचाय. तोवर जमलं तर बघा, नाहीतर भिंत घाला."

ताई रडल्या नाहीत. त्यांनी माझी दोन्ही टोकं ब्लेडनं कापली आणि अदलाबदल करून चिकटवली. मित्रांनो, मला दुखलं, पण ताई थांबल्या नाहीत. जैन स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं आणि मटणाचं पूर्वेला.

सोमवारी ताई स्वतःच उदबत्ती घेऊन आल्या. मटणाच्या स्वयंपाकघरातला धूर या वेळी हॉलकडे वळलाच नाही. मागच्या खिडकीतून थेट माळाकडे निघून गेला.

"गेला की रं माझा रस्सा माळाला!" बाळासो ओरडले.

शांतिनाथ म्हणाले, "भिंत नको. हॉल एकच बांधा."

केंद्र उभं राहिलं. पहिल्या संध्याकाळी शांतिनाथ उजेडीच जेवायला बसले, तर समोर बाळासो ताट घेऊन हजर! "मर्दा, तू रात्री जेवत न्हाईस. मग मीच लवकर आलोय."

मी काचेच्या पेटीत दारापाशी बसले. पाहुणे कौतुक करायचे. पुढं पेटी फुटली आणि मी जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी गेले. झाडं निखळली, छपरावर पाली फिरल्या. मग साहेब आणि कामगार वेगळे जेवावेत म्हणून एका नव्या व्यवस्थापकांनी हॉलमधे भिंत आखली, नकाशावर. तेव्हा बाळासोंनी मला बाहेर काढलं, धूळ पुसली आणि माझ्या कापल्याच्या खुणेवर बोट ठेवून सगळी हकीकत सांगितली. भिंत नकाशावरच राहिली.

अरुणाताई आता पेठ वडगावला मुलींचं वसतिगृह बांधताहेत. कुठलंही काम असो, आधी मॉडेलमधे उदबत्ती लावतात. ते व्यवस्थापक रोज हॉलमधे कामगारांशेजारी जेवतात. शांतिनाथ मागच्या वर्षी गेले.

मित्रांनो, भिंत घालणं सोपं असतं. घालण्याआधी एकदा वारा कुठून येतो ते बघा, आणि माझ्यासारखी जुनी मॉडेलं फेकू नका.

बाळासोंनी रस्सा काही सोडलेला नाही. पण अजूनही ते दिवस मावळायच्या आतच जेवायला येतात, आणि समोरची खुर्ची कुणाला ओढू देत नाहीत.