बोटीवरची माणसं : दोन

"दोर फेका! अहो काका, दोर फेका ना!" धक्क्यावरचा माणूस ओरडत होता.

मिस्त्रींच्या पायाशी दोर होते दोन, आणि दोन हातांपैकी एक सुकाणूवर अडकलेला. पुढचा दोर फेकायला पुढे धावावं तर वारा बोटीची मागची बाजू बाहेर ढकलायचा, मागे यावं तर बोटीचं नाक धक्क्यावर जायचं. शेवटी नाकच गेलं. बाजूला लटकवलेला रबरी फुगा चेंगरून फाटकन फुटला. धक्केवाल्यानं वाकून दोर पकडला, खुंटाला दोन वेढे दिले आणि विचारलं, "दुसरं माणूस झोपलंय की काय आत?"

मिस्त्री हसले.

घाबरले की ते हसायचे. लहानपणापासूनची खोड. मास्तरांच्या छडीसमोर हसले म्हणून दोन छड्या जास्त खाल्ल्या होत्या. बायकोला ही खोड पक्की ठाऊक. म्हणून तिनं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, 'अधिकाऱ्यांसमोर हसू नका. तुम्ही हसलात की खोटं बोलताय असं वाटतं.'

मिस्त्रींनी तीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले. रविवारी मात्र ते या जुन्या शिडाच्या बोटीवर असायचे. दहा वर्षं रविवार घालून दोघांनी तिला पाण्यात राहण्याजोगी केली. लाकूडकाम, इंजिन, पंप त्यांच्याकडे; शिडं, कागदपत्रं आणि लोकांशी बोलणी बायकोकडे. ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती. समुद्रापलीकडच्या देशात बोटीनं जायचं ठरलं तेव्हा तिनं निळ्या पुठ्ठ्याची वही केली. जाऊन आलेल्यांना गाठून, विचारून विचारून लिहिलेली. बंदरात शिरताना उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवा, म्हणजे तपासणी बाकी आहे हे त्यांना कळतं. अधिकारी येईपर्यंत धक्क्यावर पाय ठेवायचा नाही. परवानगी मिळेपर्यंत फक्त कप्तानानं उतरायचं, बाकीच्यांनी बोटीवर थांबायचं. त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'म्हणजे मी. नेहमीप्रमाणे.'

मग ती आजारी पडली. बेत वर्षभर लांबला, आणि आठ महिन्यांपूर्वी ती गेली.

पिवळा झेंडा तिनंच शिवलेला. तो आता वर फडफडत होता आणि मिस्त्री सुकाणूजवळ बसून समोरच्या कचेरीच्या दाराकडे बघत होते. तहान लागली होती. आत पाणी होतं, पण उठायची छाती होत नव्हती. भीती धक्क्याला लागण्याची नव्हतीच. भीती होती ती एका कागदाची.

बंदराला आगाऊ पाठवायचा अर्ज बायकोनं गेल्या वर्षीच भरून ठेवला होता. बोटीवरची माणसं : दोन. खाली दोघांची नावं, तिच्या गोल अक्षरात. या वर्षी मिस्त्रींनी फक्त तारखा बदलल्या. तिचं नाव खोडायला पेन उघडलं होतं. बराच वेळ धरलं, मग टोपण लावून ठेवून दिलं. एक कागद तर आहे, कोण बघतंय! घरच्या बंदरातल्या कारकुनानंही बघितलं नाही. चहा पिता पिता त्यानं अर्ज पुढे पाठवला आणि निघण्याच्या दाखल्यावरही 'दोन' लिहून शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी, चहूबाजूंनी पाणीच पाणी असताना, मिस्त्रींच्या ध्यानात आलं. कागदावर दोघं निघाले होते. पोचणार होता एक.

कस्टमच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. सोबत टॉर्च घेतलेला एक आडदांड सहकारी. इथली माणसं हेल काढून बोलत, पण बोलणं कळत होतं.

"कप्तान तुम्हीच? कागद द्या." बाईंनी चष्मा लावला. "बोटीची नोंदणी, ठीक. विमा, ठीक. माणसं दोन. बाईंना बोलवा वर."

"त्या नाहीयेत."

"नाहीयेत म्हणजे? उतरल्या? तपासणीआधी?"

"नाही, नाही. उतरल्या नाहीत. त्या आल्याच नाहीत." आणि मिस्त्री हसले.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "हसू येतंय तुम्हाला?"

"नाही हो. माझं तोंडच असं आहे."

"निघाल्याच्या दाखल्यावर दोन माणसं आहेत. शिक्का आहे. मधे कुठल्या बंदरात थांबलात?"

"नाही."

"म्हणजे चार दिवस नुसता समुद्र." बाई हे अगदी सावकाश म्हणाल्या. त्यांनी मागे बघून मान हलवली, तसा टॉर्चवाला आत उतरला.

मिस्त्रींना आता आपली बोट त्या माणसाच्या डोळ्यांनी दिसायला लागली. पेल्यात दोन दातघासण्या. पायरीखाली बायकी चपला. खुंटीवर तिचा स्वेटर, कोपरावर ठिगळ लावलेला. यातलं काहीच त्यांनी हलवलं नव्हतं. कशाला हलवायचं? कुठे ठेवायचं? आता एकेक वस्तू त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहत होती.

"मॅडम," आतून हाक आली, "बाईमाणसाचे कपडे आहेत. चष्मा आहे. आणि औषधं. कडक आहेत, दुखण्यावरच्या पट्ट्या. अर्धा डबा शिल्लक."

"कुणाची औषधं?"

"तिची," मिस्त्री म्हणाले. त्यांनी डोलकाठीचा आधार घेतला. "ती गेली. घरी गेली, म्हणजे वारली. घरी वारली. आठ महिने झाले."

"आणि तुम्ही गेल्या आठवड्यात त्यांचं नाव लिहून पाठवलंत?"

"मी लिहिलं नाही. तिनंच लिहिलं होतं." हे किती वेडगळ वाटतंय ते त्यांचं त्यांनाच कळलं. "मी फक्त खोडलं नाही."

"का नाही खोडलं?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. विचारलं तेवढंच सांगा, असं होतं.

बाईंनी कागद गोळा केले. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "हे बघा काका. एक माणूस समुद्रात कमी झालंय असं मला वर कळवावं लागेल. मग बोट जप्त, तुम्ही चौकीत. मृत्यूचा दाखला आहे?"

"घरी आहे. लेकीकडे."

"फोन लावा लेकीला. स्पीकरवर ठेवा. आणि मधे तुम्ही बोलायचं नाही."

लेकीचा फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. "बाबा! पोचलात? चार दिवस माझा जीव टांगणीला लागलाय, तुम्हाला काही आहे का त्याचं?"

"मी कस्टममधून बोलतेय," बाई म्हणाल्या. "तुमच्या आई कुठे आहेत?"

लाटा बोटीच्या पोटावर थापट्या मारत होत्या. मग लेक म्हणाली, "आई नाहीये. गेली ती. बाबांनी यादीत तिचं नाव तसंच ठेवलं ना? ठेवणारच. रेशनकार्डावरही ठेवलंय. घराच्या पाटीवरही आहे. मी बोलायला गेले की ऐकू येत नसल्यासारखं करतात."

"दाखला लागेल, ताई."

"बोटीवरच आहे. बाबा, आईच्या निळ्या वहीला मागे खिसा आहे ना, त्यात नक्कल ठेवलीय, शिक्क्याची. निघताना तुम्हाला सांगितलं होतं मी."

सांगितलं असेल. मिस्त्रींनी वही आणली. औषधांच्या पानापर्यंत ती त्यांना तोंडपाठ होती. पुढे मात्र ते कधी गेले नव्हते. पुढे तिचं अक्षर थरथरतं, हे त्यांनी एकदा ओझरतं बघितलं होतं आणि वही मिटली होती. आता बाईंच्या देखत त्यांनी ती पानं उलटली. शेवटच्या पानामागे, पुठ्ठ्याच्या खिशात, चार घड्या घातलेला दाखला होता.

बाईंनी तो दोनदा वाचला. नाव यादीशी ताडून बघितलं, तारीख बघितली, चष्मा उतरवला. टॉर्चवाल्याला म्हणाल्या, "चपला जागेवर ठेव. जिथे होत्या तिथेच." मग मिस्त्रींकडे वळून, "औषधं इथे जमा करा, पावती देते. आणि यादी दुरुस्त करा. मी केलेली चालत नाही, कप्तानानंच करायची. एकच रेघ मारा, खालचं नाव वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. शेजारी सही."

मिस्त्रींनी पेन उघडलं. एकच रेघ मारली. वाकडी आली. खालचं नाव नीट वाचता येत होतं. वर 'दोन' होतं तेही कापून त्यांनी 'एक' लिहिलं आणि सही केली.

"आता ही जागा रिकामी करा," बाई उतरता उतरता म्हणाल्या. "पलीकडच्या धक्क्याला लावा बोट. आणि काका, सावकाश. मगाशी खिडकीतून बघितलं मी."

त्या गेल्या. पुन्हा धक्क्याला लागायचं, पुन्हा तेच दोन दोर. वही मांडीवर उघडीच होती, शेवटच्या पानावर. अक्षरं ओळीवरून घसरत गेलेली.

'एकट्यानं बोट लावताना. मधला दोर आधी. खुंटात अडकवून आखूड बांधा, इंजिन हळू पुढे राहू द्या, सुकाणू धक्क्यापासून बाहेर वळवा. बोट आपोआप चिकटून राहते. मग बाकीचे दोर निवांत. धावपळ करायची नाही. गुडघा सांभाळा.'

पुढे काही नव्हतं. पान अर्धं कोरं.

मिस्त्रींनी ते तीनदा वाचलं, कुठल्याही नव्या पंपाचं माहितीपत्रक वाचायचे तसं, ओळीवर बोट ठेवून. मग फुटलेला फुगा काढून दुसरा बांधला, मधला दोर मोकळा करून हाताशी घेतला आणि इंजिन चालू केलं.

पलीकडच्या धक्क्यावर तोच माणूस आधीच हात पसरून उभा होता. "फेका! पुढचा फेका!"

"थांबा जरा," मिस्त्री म्हणाले.

बोट हळूहळू सरकत आली. बोटीचा मध्य खुंटासमोर आला तेव्हा त्यांनी वाकून दोराचा फास खुंटात टाकला, ओढून आखूड बांधला आणि सुकाणू बाहेर वळवलं. दोर कुरकुरला, ताणला, आणि बोट आपली आपण धक्क्याला टेकून उभी राहिली. कुणाला धावावं लागलं नाही.

धक्केवाल्यानं पसरलेले हात खाली घेतले. "छान लावलीत की. एकटेच हिंडता वाटतं नेहमी?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "ही पहिलीच वेळ."

हे सांगताना ते हसले नाहीत. पुढचे, मागचे दोर त्यांनी निवांत बांधले, पिवळा झेंडा उतरवला, आणि ती घालायची तशीच, कोपऱ्याला कोपरा जुळवून, त्याची घडी घालू लागले.