भंगुरतारा

दोन हजार चार साली लक्षद्वीपला प्रवाळांचा अभ्यास करायला गेलेली अंजू तिथेच तापाने गेली. महिन्याभराने तिची मैत्रीण प्रियांका तिचं सामान घेऊन टोकावड्याला अंजूच्या घरी आली. त्यातल्या एका डबीत भंगुरतारा नावाचा वाळलेला समुद्री जीव होता. बटणाएवढं अंग आणि पाच लांब, काटेरी बाहू.

"हा ऱ्हातो कुठं गो?" अंजूच्या आईने, हौसाने विचारलं.

"उथळ समुद्रात, प्रवाळाच्या दगडाखाली. दिवसा लपून बसतो. माशाने बाहू धरला तर तेवढा तोडून पळतो. मग नवा फुटतो."

हौसाने बोट लावताच एक बाहू मोडला. ती दचकली.

"फुटल ना परत?"

"नाय, काकू. जिवंत असला तरच फुटतो."

इतके दिवस न रडलेली हौसा हमसून रडली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "अजून सांग. काय काय बघायची माझी अंजू तिथं?"