खिडकी आधी, टेबल नंतर

मित्रांनो, मी एक जुना फाइल सर्व्हर आहे. दिसायला लोखंडी पेटी, आवाज पंख्याचा, आणि वय विचाराल तर माझ्या बरोबरीचे सगळे केव्हाच भंगारात गेले. मी अजून चालू आहे याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा. आता वाटत नाही. का, ते सांगतो.

एका तीन मजली इमारतीत, अगदी वरच्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे एक बहीण-भाऊ सर्व्हर बनवत. सगळे तिला ताई म्हणत आणि त्याला धाकटा. माझे भाग त्यांनीच जोडले. माझ्या पोटातला मुख्य प्रोग्रॅम, ज्याला कर्नल म्हणतात, त्याची देखभालही तेच करत. तळमजल्यावर कृत्रिम पाय बनवणारे एक कारागीर होते. मुलं त्यांना पायवाले काका म्हणत. त्यांनी घेतलेली सगळी मापं आणि रेखाचित्रं माझ्याकडे असत. कोणी तिथून चालत बाहेर पडलं की त्यात थोडा वाटा माझाही आहे, असं मी स्वतःशीच म्हणायचो.

माझं काम समजायला सोपं आहे. कागद कपाटात असतात, तशा फाइली माझ्या डिस्कमध्ये असतात. कोणी एखादी मागितली की मी तिची पानं मेमरीत, म्हणजे टेबलावर, पसरतो. प्रत्येकाला नक्कल काढून देत बसलो तर दिवस पुरणार नाही. म्हणून मी त्या टेबलाकडे एक खिडकी उघडून देतो. खालच्या संगणकावरून काका त्या खिडकीतून बघतात. याला मेमरी मॅपिंग म्हणतात. त्यात एकच पथ्य पाळायचं. पान उचलायचं असेल तर आधी खिडकी बंद करायची, मग टेबल रिकामं करायचं. नाहीतर तिथे दुसऱ्याचं पान येतं, आणि बघणाऱ्याला ते आपलंच वाटतं.

त्या खोलीत आणखी एक नियम होता. कर्नलमधला बदल धाकटा लिहायचा आणि ताई तपासायची. ती तपासत असताना त्याने आत थांबायचं नाही. तो बाहेर जिन्यात जाऊन बसायचा. ताई म्हणायची, "तू सांगायला लागलास की मला तुझ्या मनातलं दिसतं. मला लिहिलेलं बघायचंय." काका जाता-येता त्याला चिडवत, "काय रे, आज पण वर्गाबाहेर?" तो हसायचा. ताईच्या नजरेतून चूक निसटत नसे, आणि सगळीकडे माझं नाव व्हायचं. कौतुक ऐकून मीही शेफारलो होतो.

मग धाकट्याने खिडक्यांचं काम वेगवान करायला घेतलं. तीन आठवडे खपला. ताईने त्याचं लिखाण तीनदा परत केलं. चौथ्या वेळेला तो डबाही न उघडता बसून राहिला. ताईने डबा त्याच्याकडे सरकवला. तो म्हणाला, "ताई, या वेळी नुसतं समजावून सांगू दे. मग हवं तर नाही म्हण."

तिने जिन्याकडे बोट दाखवलं नाही. त्याने फळ्यावर चौकोन काढले, बाण काढले. फार छान सांगितलं त्याने. "आधी खिडकी बंद, मग टेबल रिकामं," असं तो दोनदा म्हणाला. मग ताई वाचायला बसली. पण तिच्या कानात त्याचाच आवाज होता. लिखाणात एका जागी क्रम उलटा होता, आणि तिने तिथेही ऐकलेलंच वाचलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. दोघांनी एकत्र डबा खाल्ला.

सहा आठवडे सगळं सुरळीत दिसत होतं. त्यातच एकदा खालच्या एका संगणकावर एका मुलीचं रेखाचित्र पुन्हा जतन होत होतं, आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या संगणकावरून ते छापायला घेतलं. पहिल्या पानावर नाव तिचं आलं, दुसऱ्या पानावर माप भलत्याचं. मला खटकलं होतं, मित्रांनो. मी माझ्या नोंदवहीत एक ओळ लिहिलीही. पण मी धूळ झाली तरी लिहितो, पंखा अडला तरी लिहितो. माझ्या कुरकुरीकडे कोण लक्ष देणार?

पंधरा दिवसांनी काका धापा टाकत वर आले. एका हातात छोटा पाय, दुसऱ्या हातात छापील कागद. मागे ती नऊ वर्षांची मुलगी, वडिलांच्या कडेवर.

"हे माप मी घेतलेलं नाही," काका म्हणाले. "कागदावर साडेछत्तीस सेंटीमीटर आहे. आता तुमच्या पडद्यावर बघा."

पडद्यावर अडतीस होतं. दोन्ही मीच दिलं होतं.

मुलीच्या मांडीला जखम झाली होती. तो आखूड पाय तिने अकरा दिवस वापरला होता. ताईने विचारलं, "बाळा, दुखतंय असं सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "मला वाटलं, मलाच चालता येत नाही."

धाकटा उठला आणि आपणहून जिन्यात जाऊन बसला. ताईने त्याचं लिखाण पहिल्या ओळीपासून काढलं. उलटा क्रम तिला दहा मिनिटांत सापडला. ती मान खाली घालून म्हणाली, "त्याने लिहिलं, पण बरोबर आहे असं मी म्हटलं."

मुलीला नवा पाय मिळाला. आता माझी नोंदवही रोज सकाळी वाचली जाते, आणि धाकटा पुन्हा जिन्यात बसतो. पण त्या सहा आठवड्यांत सव्वीस पाय बनले होते. काकांनी सगळ्यांना परत बोलावलं. पंचवीस जण आले. त्यांतले, त्या मुलीचा धरून, दोन पाय चुकीचे निघाले. सव्विसावा एक शिंपी आहे. त्याने घर बदललं आहे आणि त्याचा फोन लागत नाही. त्याच्या पायासाठी मी काकांना कोणाचं पान दाखवलं, मला माहीत नाही. खिडकी बंद झाली की माझ्याकडे खूण राहत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गल्लीत एखादा लंगडत चालणारा शिंपी असेल आणि "सवय नाही झाली अजून, चूक माझीच आहे," असं म्हणत असेल, तर त्याला सांगा, की चूक तुझी नसेल. तुझा पाय पुन्हा मापून बघायचा आहे. काकांचं दार उघडं आहे, आणि त्याचं खरं माप मी जपून ठेवलं आहे.